सिंगल ग्रेन व्हिस्की

सिंगल ग्रेन व्हिस्की हा धान्याच्या आंबवलेल्या द्रावापासून ऊर्ध्वपातनाने तयार होणारा आणि ओकच्या पिंपात मुरवला जाणारा मद्यप्रकार आहे. त्याची कायदेशीर व्याख्या सर्वांत काटेकोरपणे स्कॉटलंडमध्ये झाली असून तेथे तयार होणाऱ्या व्हिस्कीस 'सिंगल ग्रेन स्कॉच व्हिस्की' म्हणतात. गहू किंवा मका हे त्याचे मुख्य धान्य असते व त्यात मोड आणलेल्या जवाचा काही अंश मिसळलेला असतो. स्कॉटलंडमध्ये या मद्याचा फार मोठा भाग मिश्र व्हिस्कीत वापरला जातो. फारच थोडी पिंपे वेगळी ठेवून दीर्घकाळ मुरवली जातात. त्यांतही स्पेनमधील शेरी या मद्याने भिजलेल्या पिंपात तीस-चाळीस वर्षे राहिलेली सिंगल ग्रेन व्हिस्की दुर्मीळ मानली जाते.

भारतात या प्रकाराचे उत्पादन अत्यल्प आहे. मात्र 'व्हिस्की कशाला म्हणावे' आणि 'धान्य खावे की गाळावे' हे या प्रकाराशी निगडित दोन प्रश्न महाराष्ट्रात व गोव्यात प्रत्यक्ष चर्चेत आलेले आहेत.

नाव आणि व्याख्या

'सिंगल ग्रेन' या नावामुळे हे मद्य एकाच धान्यापासून बनते असा समज सर्वत्र आढळतो, पण तो चुकीचा आहे. येथे 'सिंगल' हे विशेषण धान्याला लागू नसून आसवनीला, म्हणजे डिस्टिलरीला, लागू आहे. एकाच आसवनीत गाळलेली व्हिस्की ती 'सिंगल'. 'ग्रेन' या शब्दाने ती केवळ माल्टपासून बनलेली नाही, एवढेच सुचविले जाते. माल्ट म्हणजे भिजवून मोड आणलेले व नंतर वाळवलेले जव. सिंगल ग्रेन व्हिस्कीत दोन किंवा अधिक धान्ये असू शकतात आणि बहुधा असतातच.

२००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमावलीनुसार स्कॉच व्हिस्कीचे पाच प्रकार आहेत :

- सिंगल माल्ट : एकाच आसवनीत, केवळ माल्ट जवापासून, पॉट स्टिल नावाच्या तांब्याच्या भांड्यात गाळलेली.
- सिंगल ग्रेन : एकाच आसवनीत, माल्ट जव आणि सामान्यतः त्याबरोबर अन्य धान्ये वापरून गाळलेली.
- ब्लेंडेड माल्ट : एकापेक्षा अधिक आसवन्यांच्या सिंगल माल्टचे मिश्रण.
- ब्लेंडेड ग्रेन : एकापेक्षा अधिक आसवन्यांच्या सिंगल ग्रेनचे मिश्रण.
- ब्लेंडेड : सिंगल माल्ट व सिंगल ग्रेन यांचे मिश्रण.

पाचही प्रकारांना काही अटी समान आहेत. ऊर्ध्वपातनानंतर मद्याची तीव्रता ९४.८ टक्क्यांपेक्षा कमी असावी लागते, म्हणजे धान्याचा वास व चव त्यात शिल्लक राहते. ते किमान तीन वर्षे, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच मुरवावे लागते. पाणी व साधा कॅरामेल रंग यांखेरीज त्यात काहीही मिसळता येत नाही. बाटलीत भरताना मद्यार्काचे प्रमाण ४० टक्क्यांहून कमी चालत नाही.

इतिहास

सलग भट्टीचा शोध

अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत स्कॉटलंड व आयर्लंड येथे व्हिस्की पॉट स्टिलमध्येच गाळली जाई. हे भांडे प्रत्येक खेपेला भरावे, तापवावे, रिकामे करावे व पुन्हा भरावे लागते. १८२० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट स्टाइन या स्कॉटिश मद्यउत्पादकाने सलग चालणाऱ्या भट्टीची रचना केली. तिच्यात मोठी सुधारणा करून एनिअस कॉफी याने १८३० मध्ये आपल्या यंत्राचे एकस्व मिळविले. कॉफी हा आयर्लंडच्या अबकारी खात्यातील निवृत्त उच्चाधिकारी होता. बेकायदा भट्ट्यांचा माग काढण्यात ज्याची नोकरी गेली, त्याच्याच नावाने पुढे जगभरातील मद्यउद्योगाचे प्रमुख यंत्र ओळखले जाऊ लागले.

आयर्लंडमधील मोठ्या उत्पादकांनी हे यंत्र नाकारले. त्यातून निघणारे मद्य बेचव असते, असे त्यांचे मत होते. स्कॉटलंडच्या सखल भागातील उत्पादकांनी मात्र ते स्वीकारले. १८४६ मध्ये ब्रिटनमधील धान्य आयातीवरील निर्बंध देणारे कायदे रद्द झाल्यानंतर परदेशी मका स्वस्तात मिळू लागला आणि ग्रेन व्हिस्कीचे उत्पादन वाढले.

मिश्रणाचा काळ

१८६० च्या कायद्याने करभरणा होण्यापूर्वीच गोदामात माल्ट व ग्रेन व्हिस्कीचे मिश्रण करण्यास मुभा मिळाली. एडिंबरा येथील अँड्र्यू अशर हा या मिश्रण-व्यवसायाचा आद्य प्रवर्तक मानला जातो. तीव्र चवीची माल्ट आणि सौम्य ग्रेन यांच्या मिश्रणातून सर्वांना रुचेल व दरवर्षी एकसारखे राहील असे पेय तयार झाले. याच सुमारास फायलॉक्सेरा या किडीने फ्रान्समधील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. ब्रँडीचा पुरवठा घटला आणि तिची जागा मिश्र स्कॉचने घेतली. १८७७ मध्ये सहा ग्रेन उत्पादकांनी एकत्र येऊन डिस्टिलर्स कंपनी लिमिटेड स्थापन केली. तिच्या वर्चस्वाला उत्तर म्हणून १८८५ मध्ये मिश्रण करणाऱ्या व्यापाऱ्यांनी एडिंबरा येथे नॉर्थ ब्रिटिश ही स्वतंत्र आसवनी उभारली.

'व्हिस्की म्हणजे काय' हा वाद

ग्रेन मद्याला व्हिस्की म्हणावे की नाही, हा प्रश्न अखेर न्यायालयात पोहोचला. १९०५ मध्ये लंडनमधील इझलिंग्टन नगरपालिकेने काही विक्रेत्यांवर, मुख्यतः ग्रेन मद्य असलेले पेय व्हिस्की म्हणून विकून ग्राहकांची फसवणूक केल्याचा खटला भरला. १९०६ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी विक्रेत्यांच्या विरोधात निकाल दिला. अपिलात निर्णय लागू शकला नाही. त्यामुळे १९०८ मध्ये शाही आयोग नेमला गेला व १९०९ च्या अहवालात त्याने ग्रेन मद्यही व्हिस्कीच होय, असा निर्वाळा दिला. आयोगाने मुरवण्याचा किमान कालावधी मात्र ठरवला नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ च्या कायद्याने तो प्रथम दोन व लगेच पुढे तीन वर्षे करण्यात आला. युद्धकाळात मद्यपान आटोक्यात ठेवणे हा त्यामागील उद्देश होता. आज गुणवत्तेची खूण समजली जाणारी तीन वर्षांची अट अशा रीतीने निर्बंधाच्या हेतूने आलेली आहे.

निर्मिती

गहू किंवा मका दळून तो पाण्यात उच्च तापमानाला शिजवला जातो. त्यामुळे धान्यातील स्टार्चचे कण फुगून फुटतात. भाताची पेज होताना घडते तीच ही क्रिया असते. पेज पुरेशी निवल्यावर तीत माल्ट जव मिसळतात. मोड येताना जवात तयार झालेली विकरे स्टार्चचे शर्करेत रूपांतर करतात. शिजवलेल्या धान्याच्या मानाने माल्टचे प्रमाण थोडे असले तरी त्यावाचून हे काम होत नाही. स्कॉच नियमांनुसार बाहेरून विकरे घालण्यास मनाई आहे.

या गोड द्रावात यीस्ट घालून दोन ते तीन दिवस किण्वन होऊ देतात. त्यातून बिअरइतकी तीव्रता असलेला द्राव मिळतो. तो कॉफी भट्टीत जातो. या भट्टीत दोन उंच स्तंभ असतात. पहिल्या स्तंभात वरून द्राव खाली झिरपतो व खालून वाफ वर चढते. सच्छिद्र तबकड्यांवर दोहोंची गाठ पडते आणि वाफ द्रावातील मद्यार्क उचलून नेते. दुसऱ्या स्तंभात ही वाफ टप्प्याटप्प्याने थंड होते आणि ठरावीक उंचीवरील तबकडीवरून हवा तो अंश काढून घेतला जातो. भट्टी न थांबता अनेक दिवस चालू शकते.

भट्टीतून उतरणारे मद्य पाण्यासारखे रंगहीन आणि चवीला सौम्य असते. पॉट स्टिलमध्ये टिकून राहणारी जड तेलकट द्रव्ये यात फार थोडी उरतात. म्हणूनच ग्रेन व्हिस्कीच्या अंतिम चवीत लाकडाचा वाटा मोठा असतो. पाणी घालून तीव्रता थोडी उतरवल्यावर हे मद्य पिंपात भरले जाते.

पिंपातील मुरवण

ओकचे लाकूड

लोणचे मुरते तसे मद्यही मुरते, असे म्हटले जाते. ही तुलना एका मर्यादेपर्यंतच योग्य आहे. लोणच्यात फोडी व मसाला एकमेकांत मुरतात आणि बरणी तटस्थ राहते. व्हिस्कीच्या बाबतीत मात्र पिंप हाच मसाला असतो. ओकच्या लाकडातील लिग्निन या घटकापासून व्हॅनिलासारखा वास देणारी द्रव्ये तयार होतात. टॅनिनमुळे तुरटपणा व रंग येतो. अमेरिकन ओकमधील लॅक्टोन द्रव्ये खोबऱ्याची आठवण करून देणारा गंध देतात. पिंपाच्या आतील जळलेला थर गंधकयुक्त उग्र द्रव्ये शोषून घेतो. लाकडातून सूक्ष्म प्रमाणात हवा आत जाते आणि मद्याचे मंद ऑक्सिडीकरण होत राहते. बाटलीत भरल्यानंतर हे सर्व थांबते. घरात वीस वर्षे ठेवलेली बारा वर्षांची बाटली बारा वर्षांचीच राहते.

शेरीचे पिंप

शेरी हे स्पेनच्या दक्षिणेकडील अंदालुसिया प्रांतात हेरेथ दे ला फ्रोंतेरा, सानलूकार दे बार्रामेदा आणि एल पुएर्तो दे सांता मारिया या शहरांच्या परिसरात तयार होणारे द्राक्षमद्य आहे. त्यात वरून द्राक्षार्क मिसळून त्याची तीव्रता वाढवलेली असते. व्हिस्कीच्या दृष्टीने त्याचे दोन प्रकार महत्त्वाचे आहेत. ओलोरोसो हा हवेच्या संपर्कात मुरलेला, गडद व अक्रोडासारख्या वासाचा प्रकार आहे. पेद्रो हिमेनेथ हा त्याच नावाची द्राक्षे उन्हात सुकवून केलेला, मनुकांच्या पाकासारखा दाट व अतिशय गोड प्रकार आहे.

एकोणिसाव्या शतकात शेरी पिंपांतून जहाजाने ब्रिटनला जात असे. रिकामी पिंपे परत पाठवणे परवडत नसल्याने व्हिस्की उत्पादकांनी ती स्वस्तात उचलली. काटकसरीतून सुरू झालेली ही रीत पुढे चवीचा मानदंड बनली. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करण्याचे बंधन आल्यावर वाहतुकीची जुनी पिंपे मिळेनाशी झाली. तेव्हापासून स्पेनमधील कारागिरांकडून नवी पिंपे बनवून घेऊन त्यांत एक-दोन वर्षे शेरी भरून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. ही शेरी पिण्यासाठी नसते, तर लाकूड भिजवण्यापुरतीच असते व पुढे बहुधा शिरक्यासाठी किंवा पुन्हा त्याच कामासाठी वापरली जाते. आजच्या बाजारातील बहुतेक 'शेरी पिंपे' याच प्रकारची असतात.

'बट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शेरी पिंपाची धारणक्षमता सुमारे ५०० लिटर असते. अमेरिकेतील बर्बन व्हिस्कीचे पिंप सुमारे २०० लिटरचे असते. कायद्याने बर्बनसाठी दर वेळी नवे पिंप लागते, त्यामुळे वापरलेली अमेरिकन पिंपे मुबलक व स्वस्त मिळतात. ग्रेन व्हिस्की बहुतांश त्यांतच मुरते. महागडे शेरी पिंप सौम्य ग्रेन मद्यासाठी वापरणे व्यापारी दृष्टीने क्वचितच परवडते. शेरी पिंपातील जुन्या सिंगल ग्रेनच्या दुर्मीळतेचे हे पहिले कारण आहे.

दुसरे कारण चवीचे आहे. सौम्य मद्यावर शेरी व टॅनिन यांचा ठसा लवकर उमटतो. पिंप फार जोमदार असेल तर काही वर्षांतच धान्याची चव लाकडाखाली दडपली जाते. पिंप पूर्वी एक-दोनदा वापरून सौम्य झालेले असेल तर दीर्घ मुरवण साधते. अशा जुन्या व्हिस्कीत मनुका, अंजीर, संत्र्याची साल, जायफळ, जळलेली साखर व पॉलिश केलेले लाकूड यांसारखे गंध वर्णिले जातात. सर्व वर्षे शेरी पिंपात काढलेली व्हिस्की आणि शेवटचे काही महिने किंवा वर्षे त्यात हलवलेली व्हिस्की यांत मोठा फरक असतो. दुसऱ्या पद्धतीस 'फिनिश' म्हणतात.

बाष्पीभवन आणि हवामान

पिंपातील मद्याचा काही भाग दरवर्षी लाकडातून उडून जातो. या घटीस उद्योगात 'देवदूतांचा वाटा' असे म्हणतात. स्कॉटलंडच्या थंड हवेत ती वर्षाला सुमारे दोन टक्के धरली जाते. भारतातील उष्ण हवेत ती दहा टक्क्यांच्या आसपास जाते. हा फरक कागदावर लहान वाटतो, पण चक्रवाढीने त्याचा परिणाम फार मोठा होतो. ५०० लिटरच्या एका पिंपाचे केवळ गणिती उदाहरण घेतले तर पुढीलप्रमाणे मद्य उरते :

- १० वर्षांनी : दोन टक्के घटीने सुमारे ४०९ लिटर, दहा टक्के घटीने सुमारे १७४ लिटर.
- २० वर्षांनी : दोन टक्के घटीने सुमारे ३३४ लिटर; दहा टक्के घटीने सुमारे ६१ लिटर.
- ४० वर्षांनी : दोन टक्के घटीने सुमारे २२३ लिटर, दहा टक्के घटीने जेमतेम ७ लिटर.

यावरून चाळीस वर्षांची व्हिस्की स्कॉटलंडमध्ये का शक्य होते आणि गोव्यात का होत नाही, हे स्पष्ट होते. स्कॉटलंडमध्येही एक धोका असतोच. तेथील दमट गोदामांत पाण्यापेक्षा मद्यार्क अधिक उडतो आणि तीव्रता हळूहळू उतरते. ती ४० टक्क्यांखाली गेली तर त्या मद्याला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. म्हणून जुन्या पिंपांची वेळोवेळी मोजणी करावी लागते.

उष्ण हवेत लाकूड आणि मद्य यांच्यातील देवाणघेवाण वेगाने होते. त्यामुळे भारतातील पाच-सहा वर्षांच्या व्हिस्कीचा रंग व लाकडी गंध स्कॉटलंडमधील बऱ्याच अधिक वयाच्या व्हिस्कीशी तुलनीय असू शकतो. याचा अर्थ एक भारतीय वर्ष म्हणजे अमुक स्कॉटिश वर्षे असे कोष्टक मांडता येते, असा मात्र नाही. लाकडातून द्रव्ये उतरण्याचा वेग उष्णतेने वाढतो, परंतु मंद ऑक्सिडीकरणाला लागणारा काळ त्याच प्रमाणात कमी होत नाही. बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीजने २०१३ मध्ये आणलेल्या आठ वर्षांच्या व्हिस्कीचे 'ग्रीडी एंजल्स', म्हणजे 'हावरे देवदूत', हे नाव या घटीवरूनच ठेवलेले आहे.

प्रमुख आसवन्या

स्कॉटलंडमध्ये शंभराहून अधिक माल्ट आसवन्या आहेत, पण मोठ्या ग्रेन आसवन्या मोजक्याच आहेत. फाइफ परगण्यातील कॅमरनब्रिज ही १८२४ मध्ये जॉन हेग याने स्थापन केली. एडिंबरा येथील नॉर्थ ब्रिटिश, ग्लासगो येथील स्ट्रॅथक्लाइड, उत्तरेकडील इन्व्हरगॉर्डन, विल्यम ग्रँट कंपनीने १९६३ मध्ये सुरू केलेली गर्व्हन, एकाच आवारात माल्ट व ग्रेन दोन्ही गाळणारी लॉक लोमंड आणि बाथगेटजवळील स्टारलॉ या अन्य आसवन्या होत.

कार्सब्रिज १९८३ मध्ये, कॅलेडोनियन १९८८ मध्ये, कॅम्बस १९९३ मध्ये, डम्बार्टन २००२ मध्ये आणि पोर्ट डंडास २०१० मध्ये बंद झाली. त्यांच्या गोदामांत उरलेली पिंपे संपली की त्या चवी कायमच्या नाहीशा होतील. त्यामुळे जुन्या सिंगल ग्रेनच्या बाजारात याच नावांना संग्राहकांची विशेष मागणी असते. अशी एकेक पिंपे विकत घेऊन बाटलीबंद करण्याचे काम मुख्यतः स्वतंत्र व्यापाऱ्यांनी केले. मूळ उत्पादकांनी सिंगल ग्रेनकडे गांभीर्याने पाहण्यास २०१० नंतर सुरुवात केली. कॅमरनब्रिजची 'हेग क्लब' २०१४ मध्ये बाजारात आली. स्कॉटलंडबाहेर जपानमधील चिता ही आसवनी ग्रेन व्हिस्कीसाठी प्रसिद्ध आहे.

भारतातील स्थिती

कोकणातील पूर्वपरंपरा

कोकण किनाऱ्यावर ऊर्ध्वपातनाची परंपरा जुनी आहे, परंतु ती मुरवण्याची नव्हे, तर ताज्या मद्याची. गोव्यात काजूच्या बोंडांपासून फेणी बनते. तिला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. रायगड जिल्ह्यात शिरढोण, पनवेल व उरण ज्या पट्ट्यात येतात तेथे मोहाच्या फुलांपासून दारू गाळली जाई. एकोणिसाव्या शतकात उरण हे या व्यवसायाचे मोठे केंद्र होते. तेथील भट्ट्या प्रामुख्याने पारशी मालकांच्या होत्या व त्या मुंबईला मद्य पुरवीत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हा व्यवसाय सरकारी नियंत्रणाखाली आला. १८९२ च्या मुंबई मोह कायद्याने ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आणले. कातकरी, ठाकूर इत्यादी समाजांच्या दृष्टीने मोहाचे फूल दारूपुरते नव्हते. ते खाद्यही होते. मद्यावरचा कर सुरक्षित ठेवण्यासाठी अन्नावर बंधन घालण्याचा हा प्रसंग होता. अन्न आणि मद्य यांच्यातील हा तणाव पुढे धान्याच्या संदर्भात पुन्हा उद्भवला.

मळी आणि धान्य

भारतात 'व्हिस्की' या नावाने विकल्या जाणाऱ्या मद्याचा मोठा भाग साखर कारखान्यांतील मळीपासून केलेल्या, जवळजवळ निर्गंध मद्यार्कावर आधारलेला राहिला आहे. महाराष्ट्र हे साखरेचे मोठे उत्पादक राज्य असल्याने येथे मळी मुबलक आहे. अशा मद्यार्कात थोडी माल्ट व्हिस्की, रंग व स्वाद मिसळले जातात. युरोपीय संघाच्या नियमांनुसार व्हिस्की धान्यापासूनच बनावी लागते. त्यामुळे मळीचे मद्य तेथे व्हिस्की या नावाने विकता येत नाही. इझलिंग्टनच्या खटल्यातील प्रश्न वेगळ्या रूपात येथे अजून जिवंत आहे.

धान्यापासून केलेला मद्यार्क आणि ग्रेन व्हिस्की यांतही फरक करावा लागतो. पहिला सुमारे ९६ टक्के तीव्रतेपर्यंत शुद्ध केलेला, धान्याची ओळख पुसलेला व न मुरवलेला असतो. दुसरीत धान्याची चव राखलेली असते व ती पिंपात मुरवलेली असते.

महाराष्ट्रातील वाद

२००७ मध्ये महाराष्ट्र शासनाने धान्यापासून मद्यार्क बनविणाऱ्या प्रकल्पांना प्रोत्साहन व अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी व अन्य भरड धान्य यांना भाव मिळेल आणि कोरडवाहू शेतकऱ्याला लाभ होईल, अशी समर्थनाची भूमिका होती. २००९-१० च्या सुमारास या धोरणाविरुद्ध राज्यात मोठा आवाज उठला. गडचिरोलीतील दारूबंदी चळवळीचे डॉ. अभय बंग यांच्यासह अनेक सामाजिक कार्यकर्त्यांनी त्यास विरोध केला. ज्या राज्यात बालकांचे कुपोषण हा गंभीर प्रश्न आहे तेथे गरिबांचे अन्न असलेल्या ज्वारीचे मद्य करण्यासाठी सार्वजनिक पैसा का द्यावा, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता. या प्रकल्पांतून निघणारे उत्पादन निर्गंध मद्यार्क हेच होते. पिंपात मुरवलेल्या व्हिस्कीशी त्याचा थेट संबंध नव्हता. तथापि धान्याधारित मद्याचा विचार करताना धान्याच्या पर्यायी उपयोगाचा प्रश्न टाळता येत नाही, हे या वादाने दाखवून दिले.

गोवा आणि अन्य प्रयोग

शेरी पिंपात मुरवलेल्या व्हिस्कीचे महाराष्ट्राला सर्वांत जवळचे उदाहरण गोव्यात आहे. जॉन डिस्टिलरीज या बंगळूरच्या कंपनीची आसवनी सासष्टी तालुक्यात कुंकळ्ळी येथे असून तेथील 'पॉल जॉन' ही व्हिस्की २०१२ मध्ये प्रथम ब्रिटनमध्ये विक्रीस आली. तिच्या ओलोरोसो व पेद्रो हिमेनेथ पिंपांतील आवृत्त्याही निघाल्या आहेत. ही व्हिस्की भारतीय जवापासून पॉट स्टिलमध्ये गाळलेली सिंगल माल्ट आहे, सिंगल ग्रेन नव्हे. मात्र समुद्राजवळच्या उष्ण व दमट हवेत शेरी पिंप कसे काम करते, याचा तो महत्त्वाचा नमुना आहे. अन्य धान्याचे उदाहरण म्हणजे डियाजिओ इंडियाने २०२२ मध्ये आणलेली 'एपिटोम रिझर्व्ह' ही केवळ तांदळापासून केलेली मर्यादित आवृत्ती होय.

आयातीच्या बाबतीत, २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात स्कॉच व्हिस्कीवरील १५० टक्के आयातशुल्क प्रथम ७५ टक्क्यांवर आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे.

लेबलावरील शब्द

जुन्या सिंगल ग्रेनच्या बाटलीची किंमत मोठी असल्याने लेबलावरील शब्दांचा नेमका अर्थ महत्त्वाचा ठरतो.

- वय : बाटलीतील सर्वांत तरुण मद्याचे वय. चाळीस वर्षांच्या मद्यात दहा वर्षांचे थोडे जरी मिसळले तर लेबलावर दहाच लिहावे लागते.
- ऊर्ध्वपातन वर्ष : हे एकटे दिल्याने वय समजत नाही. बाटलीबंद केल्याचे वर्षही पाहावे लागते.
- सिंगल कास्क : एकाच पिंपातील मद्य. अशा बाटल्यांची संख्या मर्यादित असते आणि दोन पिंपांची चव सारखी नसते.
- कास्क स्ट्रेंथ : पिंपातून निघालेल्या तीव्रतेवरच, म्हणजे विक्रीसाठी पाणी न मिसळता भरलेले मद्य.
- शेरी कास्क : यावरून पिंप नवे होते की वापरलेले आणि मुरवण पूर्ण काळाची होती की शेवटच्या काही महिन्यांची, हे कळत नाही.
- रंग : गडद रंग वयाचा किंवा शेरीचा पुरावा नव्हे, कारण कॅरामेल रंग मिसळण्यास परवानगी आहे.

भारतीय बाटल्यांवर पुष्कळदा आढळणारा ४२.८ टक्के हा आकडा जुन्या ब्रिटिश मोजमापातील ७५ अंश प्रूफ या प्रमाणाचे रूपांतर आहे. त्याचा गुणवत्तेशी संबंध नाही.

कायदा आणि आरोग्य

महाराष्ट्रात मद्याचे उत्पादन, विक्री, बाळगणे व सेवन यांचे नियमन १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली होते. व्हिस्कीसारखे तीव्र मद्य घेण्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात व परवाना आवश्यक असतो. वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी लागू आहे. मादक पेयांच्या सेवनास, औषधी उपयोग वगळता, प्रतिबंध करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे भारतीय संविधानाचा ४७ वा अनुच्छेद सांगतो.

मुरवण्याने मद्याची चव बदलते, पण मद्यार्काचा शरीरावरील परिणाम बदलत नाही. चाळीस वर्षांच्या व्हिस्कीतील आणि ताज्या गावठी दारूतील इथेनॉल हा रासायनिकदृष्ट्या एकच पदार्थ आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्यपेयांना १९८८ मध्येच मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात स्थान दिले. मद्यसेवनाचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले.

हेही पाहा

- व्हिस्की
- ऊर्ध्वपातन
- किण्वन
- फेणी
- मोह (वृक्ष)
- महाराष्ट्रातील दारूबंदी